लालबाग म्हणजे ३३३३

गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीवर इंग्रजीत एक मजकूर कोरलेला आहे. राजे पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी भारतात उतरल्याची आठवण म्हणून ही वास्तू उभारली, असा त्याचा आशय. दिवस दिला आहे दोन डिसेंबर. वर्षाच्या जागी मात्र आकडाच नाही, नुसती अक्षरं आहेत: एम, सी, एम, एक्स, आय. परवा सातवीतल्या भाचीला घेऊन गेले होते. तिने मान वर करून ती अक्षरं एकेक करून वाचली आणि विचारलं, "मावशी, हे वर्ष आहे की कुणाचं आडनाव?"

वर्षच आहे. रोमन पद्धतीत एम म्हणजे हजार, सी म्हणजे शंभर, एक्स दहा, आय एक. साधारण नियम बेरजेचा. पण मोठ्या अक्षराच्या अलीकडे लहान अक्षर आलं, तर लहान वजा करायचं. म्हणून सी-एम मिळून नऊशे. एक हजार, नऊशे, दहा आणि एक: १९११. राजाच्या नावापुढचं 'व्ही' हेसुद्धा आद्याक्षर नाही, तो पाच आहे. आणि ज्या कमानीवर १९११ लिहिलंय ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी. वास्तूवर कोरलेलं वर्ष हे नेहमी बांधकामाचंच असतं असं धरून चालणाऱ्याची इथे हमखास चूक होते.

परत ठाण्याला जायचं होतं. मी मुद्दाम धीमी लोकल धरली. तासाभराचा प्रवास, खिडकीची जागा, आणि तिचा प्रश्न अजून संपलेला नव्हता: "अक्षरांनी आकडे लिहायची हीच एक पद्धत आहे का?" मुंबईत तरी अशा आणखी चार पद्धती सापडतात, आणि त्यांतल्या दोन इतक्या हुशारीच्या आहेत, की शाळेत त्या एकदाही कुणी शिकवल्या नाहीत याची मला आजही हळहळ वाटते.

पहिलं स्टेशन मशीद. या नावातली मशीद म्हणजे मुसलमानांची मशीद नव्हे, तर जवळचं बेने इस्रायली सिनेगॉग, असं मानलं जातं. ते सिनेगॉग १७९६ मधलं. बेने इस्रायली म्हणजे कोकणातून आलेले, घरात मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या प्रार्थनेची भाषा हिब्रू, आणि हिब्रूतल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत आहे. 'खाय' हा दोन अक्षरी शब्द घ्या, अर्थ 'जिवंत'. पहिल्या अक्षराचे आठ, दुसऱ्याचे दहा, बेरीज अठरा. म्हणून ज्यू लोक देणगी किंवा आहेर करताना अठराच्या पटीत रक्कम देतात. आपण एकशे एक देतो तसं. हा अठरा लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा भेटेल.

याच पद्धतीची अरबी बहीण स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर दिसते. क्रॉफर्ड मार्केटजवळची जामा मशीद एका जुन्या तळ्यावर बांधलेली आहे. आत आजही ते पाणी आहे. मशीद पुरी झाली तेव्हा तिला साजेसा एक फारसी शब्दप्रयोग शोधला गेला: 'जहाज-ए-आखिरत', परलोकीचं जहाज. पाण्यावर उभी असलेली प्रार्थनेची जागा म्हणजे जहाजच की. पण शब्द निवडण्याचं कारण तेवढंच नव्हतं. अरबी लिपीतल्या अठ्ठावीस अक्षरांपैकी पहिल्या नऊंना एक ते नऊ, पुढच्या नऊंना दहा ते नव्वद, त्यापुढच्या नऊंना शंभर ते नऊशे आणि शेवटच्याला हजार अशा किमती दिलेल्या आहेत. या पद्धतीला अबजद म्हणतात. 'जहाज'मधल्या अक्षरांच्या किमती ३, ५, १ आणि ७, म्हणजे सोळा. 'आखिरत'च्या १, ६००, २०० आणि ४००, म्हणजे १२०१. एकूण १२१७. हिजरी सन १२१७ म्हणजे इसवी सन १८०२. मशीद त्याच वर्षीची!

भाचीने पाठीवरच्या दप्तरातून वही काढली आणि बेरीज स्वतः करून पाहिली. टॅक्सींवर आणि दुकानांच्या पाट्यांवर दिसणारा ७८६ कुठून आला, हेही मग सांगणं आलंच: 'बिस्मिल्लाह'पासून सुरू होणाऱ्या पूर्ण वाक्यातल्या अक्षरांची बेरीज ७८६ होते.

अबजदमध्ये वर्ष गुंफणं ही फारसी कवींची आवडती कसोटी होती. हुमायून बादशहा जानेवारी १५५६ मध्ये दिल्लीत ग्रंथालयाच्या जिन्यावरून पडून गेला. त्यावर एक वाक्य रचलं गेलं: 'हुमायूं बादशाह अज बाम उफ्ताद'. हुमायून बादशहा छतावरून पडला. बेरीज ९६२ येते, आणि त्याच्या मृत्यूचं हिजरी वर्ष होतं ९६३. एक कमी पडतो. तरी ते वाक्य पाचशे वर्षांच्या आसपास टिकून आहे, कारण घटना आणि वर्ष इतक्या सरळ बोलीत एकत्र आणणं सोपं नाही.

या तिन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे, आणि पुढचं सगळं समजायला ती नीट ध्यानात यायला हवी. इथे प्रत्येक अक्षराची किंमत ठरलेली आहे आणि आपण फक्त बेरीज (रोमनमध्ये क्वचित वजाबाकी) करतो. अबजदमध्ये तर अक्षरांची उलटापालट केली तरी बेरीज तीच. अक्षर कुठल्या जागी आहे याला काही महत्त्व नाही. म्हणूनच त्यांना शून्यही लागत नाही. आपल्याकडच्या पद्धती इथेच वेगळ्या होतात. ५०३ आणि ३०५ मधले अंक तेच, पण जागा बदलली की किंमत बदलते. जागेला किंमत देणारी ही दशमान पद्धत ज्यांच्या हाडीमाशी भिनली होती त्यांनी आकडे शब्दांत लिहिले, तेही जागेच्या हिशोबानेच.

सँडहर्स्ट रोड गेलं. भायखळा आलं.

भायखळ्याला राणीच्या बागेतलं वस्तुसंग्रहालय बहुतेक मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. भाऊ दाजी पेशाने डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीचे. दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. पण रोगी तपासून उरलेल्या वेळात हा माणूस शिलालेख, ताम्रपट आणि जुन्या पोथ्या यांच्या मागे असायचा. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरातल्या एका पडक्या देवळात त्यांना एक शिलालेख सापडला. तेराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्या मठाला दिलेल्या दानाची ती नोंद. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे. भाऊ दाजींनी ही माहिती १८६५ मध्ये प्रसिद्ध केली, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि भास्कराचार्य यांचा काळ ठरवणाऱ्या आपल्या निबंधात.

काळ ठरवायचा कशावरून? इथे शब्दांकांचं काम सुरू होतं. भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष स्वतःच सांगून ठेवलंय:

रसगुणपूर्णमहीसमशकनृपसमयेऽभवन्ममोत्पत्तिः।
रसगुणवर्षेण मया सिद्धान्तशिरोमणी रचितः॥

वाचताना वाटतं, काहीतरी काव्यमय चाललंय. रस, गुण, पूर्ण, पृथ्वी. खरं म्हणजे हा जन्मदाखला आहे. रस सहा: गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. गुण तीन: सत्त्व, रज, तम. पूर्ण म्हणजे शून्य. मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. आता ६, ३, ०, १ हे अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे आधी एकं, मग दहं, मग शतक, मग हजार. आलं १०३६. हा शालिवाहन शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन १११४. (शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या तारखेसाठी ७९ मिळवावे लागतात.) दुसऱ्या ओळीत पुन्हा 'रसगुण', म्हणजे छत्तीस. छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. १११४ अधिक ३६, सन ११५०.

शून्याला 'पूर्ण' म्हणावं, हे मला आजवर वाचलेल्या सगळ्या शब्दखेळांमध्ये सर्वांत सुंदर वाटतं. शून्यासाठी इतरही शब्द आहेत: ख, गगन, आकाश, बिंदू, अनंत. रिकामं आकाश आणि काठोकाठ भरलेलं काहीतरी, दोन्हींचा अंक एकच.

या पद्धतीला भूतसंख्या म्हणतात. जगात जी गोष्ट जितकी, तिचं नाव त्या अंकासाठी. चंद्र एक, डोळे दोन, वेद चार, मदनाचे बाण पाच, ऋतू सहा, ऋषी सात, वसू आठ, नंद नऊ. अल्बेरूनी हा मध्य आशियातला विद्वान अकराव्या शतकात भारताविषयी लिहिताना हीच रीत ब्रह्मगुप्ताच्या हवाल्याने समजावतो: एक लिहायचा तर जे जे एकमेव आहे ते घ्या, दोन लिहायचे तर जे जोडीने असतं ते घ्या.

हे ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे आमच्या सोसायटीतल्या हौजीसारखं!" गणपतीत नंबर पुकारणारे काका 'दोन बदकं' म्हणतात तेव्हा २२ समजायचे असतात, कारण इंग्रजी दोनचा आकार बदकासारखा. तुलना छान आहे, पण फरक आहे. हौजीत आकाराकडे पाहिलं जातं. मराठीत आकारावरून आलेला शब्दप्रयोग वेगळाच आहे आणि तो आपण रोज वापरतो: छत्तीसचा आकडा. देवनागरीत ३६ लिहून पाहा. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत. ६३ लिहा, दोघं समोरासमोर येतात. इंग्रजी अंकांत ही गंमत हरवते, त्यामुळे मराठी आकडे न शिकलेल्या मुलांना हा वाक्प्रचार नुसता पाठ करावा लागतो.

पण एवढा खटाटोप का? सरळ १०३६ लिहायला काय झालं होतं?

कारण ग्रंथ लिहिले जात त्याहून जास्त म्हटले जात. गणित असो, वैद्यक असो, ज्योतिष असो, सगळं पद्यात. आणि पद्यात आकडा बसवायचा तर त्याला पर्याय हवेत. एकासाठी मात्रा कमी पडत असतील तर 'मही'ऐवजी 'पृथ्वी' घ्या, चंद्र घ्या, शशी घ्या, इंदू घ्या. अर्थ तोच, लय जुळली. दुसरं कारण नकलाकारांचं. पोथी दर पिढीला हाताने उतरवली जायची. अंकात लिहिलेला ३ नकलताना २ होऊ शकतो, बुरशीचा डाग पडून ० दिसेनासा होऊ शकतो. शब्द मात्र बिघडला तर दिसतो. एक मात्रा गळली की वृत्त अडखळतं, आणि म्हणणाऱ्याच्या कानाला कळतं की इथे काहीतरी चुकलंय.

ही राखण पक्की नव्हती, हेही सांगायला हवं. 'रस' आणि 'गुण' दोन्ही दोन-दोन मात्रांचे. कुणी 'रसगुण'चं 'गुणरस' केलं तर वृत्त मुळीच तक्रार करणार नाही, आणि भास्कराचार्य शके १०६३ मध्ये जन्मतील. शेजारचे दोन अंक अदलाबदल होणं ही चूक माणूस आजही सर्रास करतो, फॉर्म भरताना तर फारच. आधारचा बारावा अंक नेमका याच्यासाठी असतो. पहिल्या अकरा अंकांवरून एका ठरावीक रीतीने तो काढलेला असतो. डच गणिती व्हरहॉफ यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही रीत एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले, तर प्रत्येक वेळी पकडते. वृत्ताने जे अर्धंमुर्धं साधलं होतं ते या अंकाने पुरतं साधलं.

भूतसंख्येत दुसराही एक धोका आहे, आणि त्यावरून अभ्यासकांचे वाद झडतात. सागर किती? चार की सात? दोन्ही अर्थांनी हा शब्द वापरला गेलाय. आणि रस? स्वयंपाकघरात विचाराल तर सहा. नाटकवाल्याला विचाराल तर नऊ. भास्कराचार्यांचा 'रस' सहाच धरायचा, कारण ज्योतिषाच्या ग्रंथांत तोच रिवाज आहे. कवीच्या ओळीत तोच शब्द आला तर मात्र थांबून पाहावं लागतं.

पाटणादेवीच्या लेखानंतर ऐंशीएक वर्षांनी, त्याच यादवांच्या राज्यात, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. तिथे वर्ष असं दिलंय: 'शके बाराशतें बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें'. बाराशे आणि वर बारा, १२१२. त्यात ७८ मिळवले की १२९०. रस नाहीत, चंद्र नाही, उलटं वाचणं नाही. ज्याला संस्कृत येत नाही त्याच्यासाठी लिहिलेल्या ग्रंथात वर्षसुद्धा बाजारात मोजतात तसं मोजलंय. शास्त्रकारांच्या युक्त्यांचं मला कौतुक आहे, पण ही ओळ मला जास्त जवळची वाटते.

गाडी चिंचपोकळीला थांबली होती. बाहेर लालबागकडे जाणारा पूल दिसतो. इथे मी भाचीला चौथी पद्धत सांगितली, आणि तिथून पुढे ठाण्यापर्यंत तिने मला बोलू दिलं नाही.

या पद्धतीचं नाव कटपयादि. सातव्या शतकापासून ती केरळात वापरात दिसते. भूतसंख्येत एका अंकाला एक अख्खा शब्द लागतो. इथे एका अंकाला एक अक्षर पुरतं. आपली वर्णमाला घ्यायची आणि मोजत जायचं. क १, ख २, ग ३, घ ४, ङ ५, च ६, छ ७, ज ८, झ ९, ञ ०. इथे दहा झाले. पुन्हा एकपासून: ट १, ठ २, ड ३, ढ ४, ण ५, त ६, थ ७, द ८, ध ९, न ०. मग प १, फ २, ब ३, भ ४, म ५. शेवटी य १, र २, ल ३, व ४, श ५, ष ६, स ७, ह ८, ळ ९. क, ट, प, य हे चारही एक, म्हणून क-ट-प-य-आदि. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना किंमत नाही. शब्दात सुटा स्वर आला तर शून्य. जोडाक्षरातलं शेवटचं व्यंजन धरायचं. आणि वाचायचं पुन्हा उजवीकडून डावीकडे.

आता लालबाग. ल तीन, ल तीन, ब तीन, ग तीन. ३३३३. मी हे कधीतरी सहज करून पाहिलं होतं आणि कागदाकडे बघतच राहिले होते. कुणी ठरवून ठेवलेलं नाही, निव्वळ योगायोग; पण आता लालबागवरून जाताना मला तो आकडाच दिसतो.

या पद्धतीतली खरी हुशारी कशात आहे? एका अंकाला तीन-चार व्यंजनं मिळतात, आणि स्वर पूर्ण मोकळे. तीनसाठी ग, ड, ब, ल यांपैकी काहीही, आणि त्यावर ग, गा, गी, गो कुठलीही मात्रा. त्यामुळे जवळजवळ कुठल्याही आकड्याचा अर्थपूर्ण शब्द करता येतो. शब्द लक्षात राहतो, आकडा आपोआप राहतो. महाभारताचं जुनं नाव 'जय'. ज आठ, य एक. उलट वाचा: १८. पर्वं अठरा! हिब्रूतल्या त्या 'जिवंत'चे अठरा आणि आपल्या 'जय'चे अठरा, दोन वेगळ्या गावांचे रस्ते एका चौकात यावेत तसे.

कटपयादिचा सर्वांत मोठा पराक्रम शंकरवर्मन या केरळी गणितज्ञाच्या १८१९ मधल्या ग्रंथात आहे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, जे शाळेत आपण बावीस सप्तमांश धरतो, त्यासाठी ही एक ओळ:

भद्राम्बुद्धिसिद्धजन्मगणितश्रद्धा स्म यद् भूपगीः

शेवटच्या टोकापासून सुरुवात करा. गी ३, प १, द्भू मधला भ ४, य १, स्म मधला म ५, द्धा मधला ध ९, श्र मधला र २, त ६, णि ५, ग ३, न्म मधला म ५, ज ८, द्ध ९, सि ७, द्धि ९, म्बु मधला ब ३, द्रा मधला र २, भ ४. मिळून ३१४१५९२६५३५८९७९३२४. पहिल्या तीननंतर दशांशचिन्ह द्या. सतरा स्थळांपर्यंत अचूक, आणि शेवटचा अंकही नियमाप्रमाणे वर ओढलेला. अठरा अंक (पुन्हा अठरा!) एका श्वासात म्हणता येतील अशा ओळीत. शंकरवर्मनच्या आधी तेराशे वर्षांहून जास्त, सन ४९९ मध्ये, आर्यभटाने हेच गुणोत्तर ३.१४१६ दिलं होतं आणि त्याला 'आसन्न', म्हणजे जवळपासचं, म्हणून सोडलं होतं. आर्यभटाची अक्षरांतून अंक लिहायची स्वतःची वेगळी पद्धत होती. त्रेचाळीस लाख वीस हजार हा आकडा तो 'ख्युघृ' असा लिहितो. दोन अक्षरांत मावतो खरा, पण म्हणून बघा! जीभ अडकते. ती पद्धत पुढे फारशी चालली नाही यात मला नवल वाटत नाही.

परळला भाचीने हिशोब केला: ९२१. दादर: २८८.

माटुंगा आलं तेव्हा मला गाण्याची आठवण झाली. या भागात तामीळ आणि केरळी मंडळींची जुनी वस्ती, किंग्ज सर्कलजवळ षण्मुखानंद सभागृह. कर्नाटक संगीतात बहात्तर मूळ राग-मेळ आहेत, आणि त्यांचे क्रमांक नावांतच लपवलेत. 'धीरशंकराभरण'ची पहिली दोन अक्षरं: धी ९, र २, उलट वाचून २९. 'मेचकल्याणी': मे ५, च ६, म्हणजे ६५. राग मुळात शंकराभरण आणि कल्याणी. क्रमांक बसावा म्हणून 'धीर' आणि 'मेच' पुढे जोडले गेले. क्रमांक कळला की स्वर कळतात, ही खरी सोय. पहिल्या छत्तीस मेळांत शुद्ध मध्यम, पुढच्या छत्तीसांत तीव्र मध्यम, बाकीची रचना तशीच. म्हणजे २९ मध्ये ३६ मिळवले की ६५. शंकराभरण म्हणजे आपला बिलावल थाट, कल्याणी म्हणजे आपला यमन. एक मध्यम तीव्र केला की बिलावलचे स्वर यमनचे होतात, हे हिंदुस्थानी गाणं शिकणारी मुलं सरावाने शिकतात. तिकडे ते नावाच्या बेरजेत आहे.

शीवला ४५. कुर्ल्याला ती अडली, कारण जोडाक्षर. 'र्ला'मधला शेवटचा ल धरायचा, म्हणून ३१. समोरच्या बाकावर दोन बायका फ्लॅटच्या व्यवहाराविषयी बोलत होत्या. "नव्वद पेटी सांगतोय, खोक्याच्या खाली उतरला हेच पुष्कळ." भाचीने माझ्याकडे पाहिलं. पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. मुंबईने स्वतःसाठी घडवलेली ही शब्दसंख्या. कुठल्या पोथीत नाही आणि तरी सगळ्यांना ठाऊक.

मग उलटा खेळ सुरू झाला. आधी आकडा, मग शब्द. नवा शब्द घडवताना अंक उलटे मांडून घ्यायचे आणि प्रत्येकाखाली व्यंजनं लिहायची. शिवराज्याभिषेक १६७४: उलटे केले की ४, ७, ६, १. चारसाठी घ, ढ, भ, व. सातसाठी छ, थ, स. सहासाठी च, त, ष. एकसाठी क, ट, प, य. विद्याविहार ते विक्रोळी एवढा वेळ गेला, आणि मग मला सापडलं: वासंतिका. व ४, स ७, त ६, क १. पेशवाई संपली ते वर्ष १८१८ तिने एकटीने काढलं. ८, १, ८, १. वहीत बरंच खोडलेलं दिसत होतं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हाय हाय.

ह आठ, य एक, ह आठ, य एक. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला. पुण्यात त्या दिवशी याहून वेगळं काय म्हटलं गेलं असेल!

भांडुप १३४, नाहूर २८०, मुलुंड ३३५. नाहूरच्या सुरुवातीचा न शून्य असतो, तो उलट वाचल्यावर शेवटी जातो आणि आकड्याला वजन देतो. 'मुंबई'त ई शेवटी आहे म्हणून शून्य पुढे येतं आणि उत्तर नुसतं ३५ उरतं. जागेची किंमत म्हणजे काय हे तिला या दोन नावांनी पुस्तकातल्या धड्यापेक्षा चांगलं समजलं.

मुलुंड सुटल्यावर मी तिला शेवटचं वर्ष दिलं: १८५३. आपण ज्या मार्गावरून चाललोय त्याच मार्गावर, १६ एप्रिलला दुपारी, बोरीबंदरहून ठाण्याकडे देशातली पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे माणसं, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान नावाची तीन इंजिनं. ३, ५, ८, १. ती ओठांतल्या ओठांत अक्षरं लावत राहिली. ग, ड, ब, ल. ण, म, श. ज, द, ह. पलीकडच्या डब्यातून भजनाच्या टाळांचा आवाज येत होता.

"गाणी दे की," ती म्हणाली. ग ३, ण ५, द ८, क १.

मी मोजून पाहिलं. बरोबर होतं. बाहेर ५२ आलं होतं, आम्ही उतरलो.